नाळेच्या दोन डब्या

संयोगिता चौगुलेला आईच्या हृदयात जागा नव्हती. हा संशय तिला वयाच्या सहाव्या वर्षापासून होता. आता सेहेचाळिसाव्या वर्षी मिरजेच्या एका रुग्णालयातल्या यंत्राने तो रंगीत चित्रासकट छापून तिच्या हातात दिला.

चित्रात आईचं हृदय राखाडी होतं आणि त्यावर जोंधळे सांडावेत तसे निळे ठिपके पसरले होते. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं : निळा रंग, थोरली मुलगी. पिवळा रंग, धाकटी मुलगी. संयोगिता धाकटी. तिने कागद खिडकीकडे धरला, तिरका केला, चष्मा पुसून पुन्हा पाहिला. पिवळा ठिपका एकही नव्हता.

"पिवळे कुठं आहेत?" तिने विचारलं.

टेबलापलीकडे बसलेल्या डॉ. शबनम मुजावर यांनी दुसरा कागद पुढे सरकवला. "हे बघा, डाव्या गुडघ्यात. तिथं बऱ्यापैकी आहेत. आणि दोन-चार पित्ताशयापाशी."

"गुडघ्यात," संयोगिता म्हणाली.

लग्न झालं तरी तिने हुपरी सोडली नव्हती. नवऱ्याचं घर आईच्या घरापासून दोनच गल्ल्यांवर. वडील गेल्यापासून चौदा वर्षं आईची औषधं, दवाखाने, चष्म्याचे नंबर, दातांच्या कवळ्या हे सगळं तिने एकटीने पाहिलं. आणि पद्मजाताई इंदूरला. दिवाळीला चार दिवस यायची, शेवेची दोन पाकिटं आणायची, आईच्या मांडीवर डोकं ठेवून झोपायची आणि जायची. ती हृदयात, आणि ही गुडघ्यात.

"म्हणजे नक्की काय आहे हे?" तिने विचारलं. खरं तर ते तिला आधीच एकदा समजावून सांगितलं होतं. पण दुखऱ्या दातावर माणूस जीभ फिरवतो तशातला तो प्रश्न होता.

डॉ. मुजावर तरुण होत्या आणि चित्र काढल्याशिवाय त्यांना बोलता येत नसे. त्यांनी पाकिटाच्या मागच्या बाजूला एक मोठं आणि एक लहान वर्तुळ काढलं आणि दोहोंमध्ये आडवी रेघ मारली. "ही आई, हे पोटातलं बाळ, आणि मधली ही वार. दोघांचं रक्त एकमेकांत मिसळत नाही. वार चाळणीसारखी असते, हवं तेवढं सोडते. पण ही चाळण तशी सैल. बाळाच्या काही पेशी तिच्यातून निसटतात आणि आईच्या रक्तात शिरतात. बाळ बाहेर येतं, मोठं होतं, लग्न करून जातं. पेशी मात्र आईच्या अंगात तशाच राहतात. चाळीस वर्षं, पन्नास वर्षं."

ही गोष्ट शास्त्रज्ञांना पूर्वीच कळली होती. नवी होती ती दोन साधनं. एक पेशीदर्शक. शरीराला सुई न टोचता तो आतल्या एकेका पेशीच्या केंद्रकापर्यंत पोचायचा, म्हणजे पेशीच्या मधोमधच्या त्या गोळीपर्यंत, जिच्यात गुणसूत्रांच्या रूपाने माणसाची सगळी घडण लिहून ठेवलेली असते. ते वाचून ही पेशी आईची की लेकराची, आणि लेकराची असेल तर कुठल्या, हे तो ओळखायचा. दुसरं साधन म्हणजे एक औषध. आईच्या अंगात निजून राहिलेल्या या पेशी वयाने अजून गर्भातल्याच असतात. त्यांना जागं केलं तर त्या जिथे आहेत तिथल्या अवयवाच्या होतात. म्हणजे हृदयात असतील तर त्या हृदयाचे नवे स्नायू होणार. आईच्या, म्हणजे कलावतीबाईंच्या, हृदयाची ताकद पाव हिश्शावर आली होती, आणि हृदयात निळ्या पेशी अकराशेच्या वर होत्या.

त्या कुणाच्या हे ताडून पाहायला रुग्णालयाने नाळ मागितली होती. गळून पडलेल्या, वाळलेल्या नाळेचा तुकडा. वय वाढतं तशा माणसाच्या पेशींवर खुणा साचत जातात. नाळेतल्या पेशी मात्र, आईच्या अंगातल्या त्या पेशींसारख्याच, जन्माच्या वेळी होत्या तशा राहतात, म्हणून त्यांचा मेळ अचूक बसतो. बहुतेक घरांतून लोक खांदे उडवत, कारण नाळ आता ठेवतं कोण. कलावतीबाईंच्या कपाटात दोन्ही मुलींच्या होत्या. आई अतिदक्षता विभागात असताना संयोगिता हुपरीला जाऊन त्या घेऊन आली. दोन डब्या होत्या, एकीवरही नाव नव्हतं. एक पत्र्याची, कधीकाळी बामची. दुसरी चांदीची, झाकणाच्या कडेने बारीक मण्यांची ओळ असलेली. रुग्णालयात नमुने घेणाऱ्या खिडकीतल्या मुलीने कुठली कुणाची म्हणून विचारलं. संयोगिताने सांगितलं : चांदीची ताईची, पत्र्याची माझी.

त्या डब्या तिने सहाव्या वर्षी एकदा पाहिल्या होत्या. आई कपाट लावत होती, ताई शेजारीच बसली होती. यातली माझी कुठली, असं संयोगिताने विचारलं, आणि आईने "ठेव ते," म्हणत घाईने दार लोटलं. एवढ्यावरून तिने ओळखलं होतं. घरात डोहाळजेवणाचा फोटो होता, फुलांचे दागिने घालून आई झोपाळ्यावर बसलेली. पोटात ताई होती. संयोगिताच्या वेळी ना झोपाळा, ना फुलं, ना फोटो. आईला विचारलं तर म्हणायची, तुझ्या वेळी दिवस कसे गेले कळलंच नाही.

"आता ताईंना बोलवून घ्या," डॉ. मुजावर म्हणाल्या. "पेशीच्या आवरणावर, म्हणजे पेशीपटलावर, कड्या-कुलपांसारखी रचना असते. प्रत्येकाची वेगळी. जागं करायचं औषध त्या कुलपाला बसेल असं बनवावं लागतं आणि त्याला त्याच व्यक्तीचं ताजं रक्त हवं. आठवडाभरात मिळालं तर उत्तम. दहा दिवसांच्या पुढं मी काही सांगू शकत नाही."

"आणि माझं रक्त घेतलं तर?"

"त्यापासून प्रयोगशाळेत हृदयाच्या पेशी वाढवता येतात. पण त्याला सहा आठवडे लागतील, आणि बाहेरून सोडलेल्या पेशी आईंचं शरीर स्वीकारेल याची खात्री नाही. दुसरा इलाजच नसेल तर तो मार्ग."

"ताईला यायला जमणार नाही," संयोगिता म्हणाली.

ते तोंडातून इतकं सहज गेलं की तिचं तिलाच नवल वाटलं. डॉ. मुजावरांनी मान वर केली. "विचारलंत त्यांना?"

"तिची तब्येत बरी नसते. रक्त द्यायचं नाही म्हणून सांगितलंय तिला."

ताईची तब्येत ठणठणीत होती. रोज पहाटे ती पाच किलोमीटर चालायची आणि त्याचे फोटो बहिणीला पाठवायची.

"बरं. तुमचं रक्त आज घेऊन ठेवते," डॉक्टर म्हणाल्या. "पण तरी एकदा बोला त्यांच्याशी. आजच बोला."

संयोगिताने बाही वर केली. नळी भरत होती तेव्हा तिच्या डोळ्यांसमोर पुढचं चित्र होतं : सहा आठवड्यांनंतरचं हृदय, आणि त्यावर पिवळे ठिपके, शेकडो. आपण आईचा जीव टांगणीला लावतोय हे तिला कळत होतं. ती काही अडाणी नव्हती आणि दुष्टही नव्हती. पण मत्सराने माणूस हिशेबात कच्चा होतो. सहा आठवडे आणि दहा दिवस यांतला फरक तिला त्या घडीला दिसेना.

संध्याकाळी आईला साध्या खोलीत आणलं. कलावतीबाईंनी उभं आयुष्य चांदीच्या पैंजणांच्या कड्या जोडण्यात घालवलं होतं. हुपरीत घरोघर हे काम चालतं. आताही पांघरुणावर त्यांचा अंगठा आणि तर्जनी आपोआप हलत होती, नसलेली कडी नसलेल्या कडीत अडकवत होती.

"पद्माला कळीवलंस?" त्यांनी विचारलं.

"कळवलं."

"येती म्हनली?"

"बघते म्हणाली."

आईंनी पांघरूण छातीशी ओढून घेतलं. मग म्हणाल्या, "तिला च्या बिनसाखरेचा लागतोय. ध्यानात ठेव."

संयोगिता उठली आणि पडद्याची नसलेली घडी ओढून नीट करू लागली. मग न राहवून तिने विचारलं, "आई, तुझा डावा गुडघा दुखतो का गं?"

"डावा? न्हाई. उजवाच दुखतोय मेला. डाव्यानं कधी तरास दिला न्हाई. का गं?"

"काही नाही."

दोन दिवस ती ताईचं नाव फोनवर काढायची, बघायची आणि फोन पालथा ठेवायची. दरवेळी कारण निराळं होतं. आता ती कामात असेल. आता जेवत असेल. डॉ. मुजावर वाटेत भेटल्या की ती दुसऱ्या जिन्याने जायची.

तिसऱ्या दिवशी सकाळी आईला ती चमच्याने दूध पाजत होती. चौथ्या चमच्याला आईला धाप लागली आणि ओठांवर जांभळट छटा आली. नर्स धावत आली, नाकाशी ऑक्सिजन लावला, काही वेळाने श्वास बसला. दुधाचा चमचा संयोगिताच्या हातात तसाच राहिला होता. निळे, पिवळे सगळे ठिपके तिच्या डोक्यातून पुसले गेले. ती बाहेर व्हरांड्यात आली आणि या वेळी फोन पालथा न ठेवता तिने तो लावला.

"ताई, तू निघ. आईला तुझं रक्त लागणार आहे. मी आधीच सांगायला हवं होतं."

पलीकडून गाड्यांचा आवाज येत होता. "अगं मी मिरजेतच उतरलीय आत्ता," पद्मजाताई म्हणाली. "आईनं काल नर्सकडून फोन लावून घेतला. त्या बाईंनीच सांगितलं रक्ताचं. वीस मिनिटांत पोचते. पण संयू, तू का नाही गं फोन केलास?"

 तेवढ्यात डॉ. मुजावरांनी दारातून हाक मारली, तर संयोगिताला सुटल्यासारखं वाटलं. ती सगळं सांगून टाकायच्या तयारीनेच आत गेली.

"मॅडम, मी तुमच्याशी खोटं बोलले. ताई धडधाकट आहे. येतीय ती."

"ते नंतर बोलू," डॉक्टर म्हणाल्या. त्यांच्यापुढे दोन्ही डब्या एका पारदर्शक पिशवीत होत्या. "तुमच्या रक्ताचा अहवाल आलाय आणि एक घोळ निघालाय. कुठली डबी कुणाची हे कुणी सांगितलं होतं?"

"मी."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

संयोगिता आठवू लागली. तिला कुणीच सांगितलं नव्हतं.

"चांदीच्या डबीतली नाळ तुमची आहे," डॉ. मुजावर म्हणाल्या. "ते निळे ठिपके तुमचे आहेत. अकराशेच्या अकराशे. गुडघ्यातल्या पेशी ताईंच्या."

संयोगिता खुर्चीत बसली. "पुन्हा एकदा बघा," ती म्हणाली.

"तीनदा बघितलं. चूक व्हायला एक वाव असतो. पेशीत केंद्रकाबाहेर तंतुकणिका असतात, पेशीला ऊर्जा देणाऱ्या. त्या फक्त आईकडून येतात, जशाच्या तशा. त्यांच्यावरून बघायला गेलं तर तुम्ही, ताई आणि आई तिघी वेगळ्या ओळखूच येणार नाही. पण आम्ही केंद्रक वाचलंय. ते तुमचंच आहे." त्या हसल्या. "बरं झालं त्या दिवशी तुमचं रक्त घेऊन ठेवलं. औषध आज दुपारी तयार होईल. तुमच्यामुळे दिवस वाचले."

हे कौतुक आपल्याला शोभत नाही हे संयोगिताला कळत होतं. आणि तरीही, खोटं कशाला बोलायचं, त्याखालून आनंदाची एक उकळी वर आली. शहाणपणाचा आनंद नव्हता तो. आता ताई येईल आणि तिला कळेल, गुडघा कुणाचा ते, असा तो आनंद होता. डब्यांची पिशवी उचलून ती जवळजवळ पळतच आईच्या खोलीत गेली.

"आई, चांदीची डबी माझी होती?"

कलावतीबाईंनी तिच्या हातातली पिशवी पाहिली. मग दाराकडे पाहिलं. "पद्मा आली का?"

"येतीय."

"मग दार लाव आधी."

तिने दार लावलं. आई एकेक श्वास घेत बोलू लागल्या. "पद्मा झाली तवा सगळी खुशीत हुती. नाळ पडली, हाताला बामची डबी लागली, त्यात ठेवली. कुणी इचार केला न्हाई त्याचा. तू झालीस तवा तुझी आजी पाच दीस बोलली न्हाई माझ्याशी. दुसरी बी पोरगीच म्हणून. पाचवी पुजली न्हाई. बारशाला कोण येईना." त्या थांबल्या. "घरात चांदीचा ढीग पडलेला, पर ती समदी दुसऱ्याची. आपलं निस्तं काम. मग मी लग्नातल्या एका पैंजणाचं मणी काढून घेतलं, बाकीचं वितळीवलं आन् ही डबी घडीवली. माझ्या हातानं. म्हनलं, हिला कुणी धरलं न्हाई तर मी धरीन."

संयोगिताने झाकणावरच्या मण्यांवरून बोट फिरवलं. पैंजणाचे मणी होते ते, हे तिने इतकी वर्षं हेच काम डोळ्यांसमोर पाहूनही ओळखलं नव्हतं.

"मग कधी सांगितलं का नाहीस?"

"पद्माला काय वाटलं असतं? तिला पत्र्याची आन् तुला चांदीची."

"आणि मला काय वाटत होतं, आई?"

कलावतीबाईंनी तिच्याकडे नवलाने पाहिलं. "तू तर जवळच हुतीस की. जवळच्या माणसाला काय सांगायचं."

दार वाजलं. संयोगिता उठायच्या आतच पद्मजाताई आत आली. चाकांची बॅग, हातात शेवेची पाकिटं, डोळे रडून लाल. तिने आईच्या पायांवर डोकं ठेवलं आणि मग बहिणीचा हात धरून तिला खिडकीपाशी नेलं.

"माझ्या पेशी आहेत म्हणे आईच्या हृदयात," ती हळू आवाजात म्हणाली. "नर्सनं सांगितलं काल. संयू, रात्रभर गाडीत मी तेवढंच घोकत आले. इतकी वर्षं मला वाटायचं, मी लांबची झाले. तुला आईचं सगळं माहीत, औषधं, दुखणं, तिचा मूड. मी आले की तुम्ही दोघी काहीतरी अर्धवट बोलून हसायचात आणि मला कळायचं नाही कशाला. इतका हेवा वाटायचा तुझा. दिवाळीहून परत जाताना पार सांगलीपर्यंत रडायचे मी."

संयोगिताच्या जिभेवर वाक्य तयार होतं. लहानसं होतं आणि चाळीस वर्षं मुरलेलं होतं. पिशवीतली डबी तळहाताला टोचत होती. ताईचा चेहरा अगदी समोर होता, उजळलेला, शाळेतलं बक्षीस दाखवायला आल्यासारखा. हा चेहरा विझवायला एकच वाक्य पुरलं असतं, आणि ते खरंही होतं.

"दोघींच्या आहेत, ताई," ती म्हणाली. "तुझ्याही आणि माझ्याही. तुझ्या आहेत म्हणून आईचा डावा गुडघा आजवर दुखला नाही. दोघींचं रक्त लागणार आहे."

पलंगावरून आई पाहत होत्या. बोटांची चाळवाचाळव थांबली होती.

ताई बॅग उघडायला वळली तेव्हा संयोगिता खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. तिने दोन्ही डब्या उघडल्या. वाळक्या आमसुलाएवढे दोन काळपट तुकडे. तिने एक उचलला, दुसरा उचलला आणि त्यांची अदलाबदल केली. हात सराईत नव्हता आणि मनही एकदम तयार नव्हतं, चांदीचं झाकण लावायला तिला उगीचच वेळ लागला. ही डबी तिची होऊन अजून अर्धा तासही झाला नव्हता.

"ही माझी ना?" ताई मागून म्हणाली. "लहानपणी कपाटात बघितली होती मी. मला वाटलंच होतं."

"हो. घे."

पद्मजाताईने डबी दोन्ही हातांत धरली. "आणि तुझी पत्र्याची? अगं, आईनं असं कसं केलं." आवाजात हळहळ होती आणि हळहळीखाली अगदी थोडी गोडीही होती. संयोगिताला ती लगेच ओळखू आली, कारण अर्ध्या तासापूर्वी ती तिचीच होती. तिला राग आला नाही असं नाही. पण तो तिने गिळला.

डॉ. मुजावर आल्या तेव्हा ताई बाही वर करूनच बसली होती. डॉक्टरांनी एका बहिणीकडे पाहिलं, मग दुसरीकडे. "घ्या यांचीही एक नळी," त्यांनी नर्सला सांगितलं. "गुडघ्यातल्या पेशींचीही नोंद ठेवायचीच आहे."

दुपारी औषध दिलं गेलं. सहाव्या दिवशी काढलेल्या चित्रात निळे ठिपके नुसते ठिपके राहिले नव्हते. ते एकमेकांकडे सरकून त्यांच्या बारीक रेघा झाल्या होत्या, कडीत कडी अडकवावी तशा, आणि हृदय आकुंचन पावलं की त्या रेघाही त्याच्याबरोबर आकुंचन पावत होत्या. खाली रंगांची नावं नव्हती. ती न छापण्याची विनंती संयोगिताने आधीच केली होती. ताईने त्याची एक प्रत इंदूरला न्यायला मागून घेतली.

आई उशीला टेकून बसल्या होत्या. ओठ पुन्हा ओठांच्या रंगाचे झाले होते. "संयू," त्या म्हणाल्या, "पद्माला च्या सांग. बिनसाखरेचा."

संयोगिता दारापर्यंत गेली. आत काहीतरी नेहमीसारखंच टोचलं. हृदयात अकराशे पेशी असूनही टोचलं. ती वळली.

"आणि मला कसा लागतो गं, आई?"

"तुला साय घालून," कलावतीबाई लगेच म्हणाल्या. "आलं न्हाई चालत तुला. आन् कपात नगं, पेल्यात पायजे. लहानपणापास्नं तसंच हाय तुझं."

ताई हसली. संयोगिता दाराची कडी धरून तशीच उभी राहिली. आजवर तिने हे कधी विचारलंच नव्हतं.

मग ती चहा सांगायला गेली.